न झालेल्या कार्यक्रमाचं परीक्षण

तिला ऑफिसात सगळे भोंगा म्हणायचे. हे नाव ठेवलं संपादकांनी, आणि ठेवताना त्यांना वाटलं आपण फार मोठा विनोद केला. आवाज मोठा होता हे खरंच. पण खाली छपाईचं यंत्र दिवसभर धडधडणार, वर एकाच खोलीत चार टेबलं आणि कायम चालू असलेला रेकॉर्ड प्लेअर, तिथं हळू बोलून कोणाला ऐकू जाणार होतं? अशा त्या खोलीतून रॉक संगीताचं एक साप्ताहिक निघायचं. तेव्हा जिकडेतिकडे पोरं गळ्यात गिटार अडकवून गॅरेजमध्ये आरडाओरडा करत होती. साप्ताहिकात आपल्याबद्दल चार ओळी आल्या की पोरं ते कात्रण पाकिटात घालून वर्षभर मिरवायची.

आता भोंग्यानं साठी ओलांडली आहे आणि ती ड्रायव्हिंग स्कूल चालवते. शिकवायच्या गाडीत तिच्या पायाखाली वेगळा ब्रेक आहे. शिकणारा चुकला की मॅडम आधी ब्रेक दाबतात आणि मग तोंड सुरू करतात, असं तिचे विद्यार्थी सांगतात. साफ खोटं. तोंड आधी सुरू होतं.

तर तिची धाकटी बहीण, जी तिच्यासोबतच राहते, एक दिवस बाजारातून आली ती हसतच. "ताई, तुमच्या साप्ताहिकाचं पुस्तक आलंय बघ!" म्हणाली आणि एक जाडजूड पुस्तक टेबलावर ठेवलं. मुखपृष्ठावर माईकमध्ये ओरडणारा गायक. वर ठळक अक्षरात 'कानोसा: निवडक रॉक लेखन', आणि खाली त्याहून ठळक अक्षरात लेखकाचं नाव. संपादकांचं.

भोंग्यानं चहाचा कप खाली ठेवला. कारण कानोसा नावाचा कोणी माणूस कधी नव्हताच! ती त्या साप्ताहिकाची पद्धत होती. परीक्षण कोणीही लिहो, खाली 'कानोसा' असंच छापायचं. वाचकाला वाटलं पाहिजे की एकच खवट माणूस गावातला प्रत्येक कार्यक्रम ऐकतो आणि सगळ्यांची सालटी काढतो, असं संपादकांचं म्हणणं. लिहायचे चौघं, त्यात सगळ्यात जास्त भोंगा. आणि संपादक? त्यांना मोठा आवाज सोसायचा नाही. कधी कार्यक्रमाला गेलेच तर कानात कापसाचे बोळे घालून दाराशी उभे राहायचे, आणि मध्यंतराला घरी. म्हणजे बघा, बोळे घालणारा माणूस आता कानोसा झाला!

"अगं, पण आत तुझं नाव असेल ना कुठंतरी," बहीण चाचरत म्हणाली.

आत प्रस्तावना होती. 'या काळात काही सहकाऱ्यांचीही मदत झाली,' असं एक वाक्य होतं. काही सहकारी! भोंग्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ती पानं उलटत गेली. हे माझं, हेही माझं, हे त्या दाढीवाल्याचं, बिचारा गेला, हे माझं. आणि मग शेवटचा लेख आला. वर संपादकांनी टीप लिहिली होती: 'माझ्या आयुष्यातली सर्वश्रेष्ठ मैफल. हे लिहिताना माझे हात थरथरत होते.'

भोंगा उठून उभी राहिली. "निर्लज्ज!" एवढंच तिच्या तोंडून आलं. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

आता हा लेख म्हणजे काय भानगड होती ते सांगायला हवं. साप्ताहिक शनिवारी सकाळी विकायला यायचं, म्हणून पानं शुक्रवारी दुपारी छपाईला जायची. आणि मोठे कार्यक्रम शुक्रवारी संध्याकाळी. मग दुसऱ्या दिवशी ताजं परीक्षण कसं छापणार? संपादकांनी तोड काढली होती: परीक्षण आधीच लिहून टाकायचं. गॅरेजमध्ये जाऊन तालीम ऐकायची, गाण्यांचा क्रम विचारायचा, गर्दी कल्पनेनं भरायची. ऑफिसात या प्रकाराला 'आगाऊ' म्हणत. "भोंगा, आगाऊ झाला का?" हे संपादकांचं शुक्रवारचं ठरलेलं वाक्य. चौघंही लिहायचे आणि वर्षानुवर्षं कोणाला पत्ता लागला नाही.

ज्या शुक्रवारचा हा लेख, त्या शुक्रवारीही तिनं आगाऊ लिहिला. आणि काय लिहिला! त्या संध्याकाळी वाजवणाऱ्या बॅंडमधली चार पोरं तिला मनापासून आवडायची, त्यांच्या गॅरेजमध्ये तिनं कितीतरी दुपारी काढल्या होत्या. तिनं लिहिलं की गर्दीत एका पोराचा चष्मा पायाखाली चुरडला, तरी तो रिकामी फ्रेम डोळ्यावर लावून नाचत राहिला. लेख लांबला, तेव्हा संपादकांनी लाल पेन्सिलीनं शेवटचा परिच्छेद उडवला आणि पान छपाईला गेलं.

आणि संध्याकाळी कार्यक्रम झालाच नाही. वाद्यांची व्हॅन रेल्वे फाटकापाशी बंद पडली. लोक तास-दीड तास दारात थांबले आणि शिव्या घालत घरी गेले. सकाळी साप्ताहिक बाजारात. दुपारी सभागृहाचा मालक अंक फडकावत ऑफिसात आला, आणि संपादकांनी सगळ्यांदेखत हात वर केले. "मला काय माहीत? या बाईनं माझ्या डोळ्यांत धूळ फेकली." ज्यानं 'आगाऊ झाला का' म्हणून दुपारी तीनदा विचारलं, तो! खुलासा छापला असता तर खप घसरला असता, म्हणून खुलासा छापला नाही. भोंग्याला मात्र त्याच दिवशी घरी पाठवलं. शिवाय गावातल्या प्रत्येक वर्तमानपत्रात निरोप गेला की ती खोटारडी आहे, कार्यक्रमाला न जाता लिहिते. पुन्हा कोणी तिला दारात उभं केलं नाही. बाकीचे तिघं मूग गिळून बसले. त्यांनाही पोटं होती, त्यांना ती आजही दोष देत नाही. थोडा देते.

आणि आज तोच लेख त्यांचा सर्वश्रेष्ठ! आणि म्हणे हात थरथरत होते!

पुस्तक विकायला आधीच आलं होतं, पण प्रकाशनाचा समारंभ रविवारी संध्याकाळी पुस्तकाच्या दुकानात होता. बहीण म्हणाली, "जाऊ दे ताई, आता या वयात कशाला?" भोंगा म्हणाली, "या वयात नाही तर कोणत्या वयात? मला फक्त एवढंच हवंय, त्यांनी सगळ्यांसमोर सांगावं की हे हिनं लिहिलं. खोटारडी म्हणताना सगळ्यांसमोर म्हणाले होते ना?"

दुकानात पुस्तकांची कपाटं भिंतीला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. बहुतेक डोकी पांढरी, काहींच्या मागं अजून शेंडीएवढी वेणी. मंचावर संपादक, आणि शेजारी पाहुणा म्हणून त्याच बॅंडचा ड्रमवाला. बॅंड कधीच मोडला होता आणि हा आता फ्रिज दुरुस्त करतो. संपादकांनी चष्मा लावला आणि तोच लेख वाचायला घेतला. वाचून झाल्यावर म्हणाले, "त्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत होतो. ते आवाज अजून माझ्या कानात आहेत."

"कानात बोळे होते तुमच्या!" भोंगा उभी राहून म्हणाली. "आणि तिसरी रांग कसली? तो कार्यक्रम झालाच नाही. हे मी लिहिलंय, दुपारी, तुमच्या समोर बसून."

संपादकांनी तिला ओळखलं. चेहरा क्षणभर उतरला, मग ते गोड हसले. "अरे, आमचा भोंगा! जुनी सहकारी आहे आमची. हिची विनोदबुद्धी तशीच आहे बघा."

"कार्यक्रम झाला नाही कसं म्हणता?" मधल्या रांगेतला एक टक्कल पडलेला गृहस्थ चिडला. "मी होतो तिथं! तो चष्मा माझा होता!"

"अहो, तो चष्मा मी फोडला! कागदावर!"

लोक हसले. मग आणखी एकजण आपणही होतो म्हणाला, त्याच्या बायकोलाही तिथंच भेटला होता म्हणे. भोंगा ड्रमवाल्याकडे वळली. "तुम्ही तर सांगा. कुठं होता त्या संध्याकाळी?"

ड्रमवाल्यानं खाली बघितलं. "वाजवलं होतं," तो म्हणाला. "छान वाजवलं होतं."

टाळ्या पडल्या. भोंगा बाहेर आली, गाडीत बसली, आणि गाडी सुरू न करताच उजव्या पायानं ब्रेक दाबून धरला. रडू येत होतं त्याचाच तिला जास्त राग आला.

काचेवर टकटक झाली. ड्रमवाला होता. "बाई, माफ करा," तो म्हणाला. "आम्ही बारा गावी वाजवलं, कोणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. जो लेख आला तो हा एकच. माझी नातवंडं तो वाचतात. तोही खोटा म्हटलं तर माझ्यापाशी राहिलं काय?"

"आणि माझ्यापाशी काय राहिलं हो?" भोंगा काच खाली करत कडाडली. "तुम्हाला निदान कात्रण तरी मिळालं! तेही कसलं? तुमचं नाव आहे का त्यात कुठं? गायक आहे, गिटारवाला आहे. तुम्ही कुठं आहात?"

तो हळूच म्हणाला, "ड्रमवाल्याबद्दल कोण लिहितं?"

"मी लिहिलं होतं! शेवटचा अख्खा परिच्छेद तुमच्यावर होता. संपादकांनी कापला. 'ड्रमवाल्याबद्दल कोण वाचतंय' म्हणाले, आणि मारली रेघ. गॅरेजमध्ये तुम्हाला ऐकून लिहिलेलं होतं ते, त्यात कल्पना काडीची नव्हती. 'गायकाचा घसा बसला, गिटारची तार तुटली, आणि मागं बसलेला, ज्याच्याकडे कोणी बघितलं नव्हतं असा माणूस तेवढा उरला...'"

ड्रमवाल्यानं गाडीच्या टपावर हात टेकला. "पुढं?"

"पुढचं आत ऐकायचं," भोंगा म्हणाली. "सगळ्यांसमोर. हवं असेल तर चला."

तो वळला आणि दुकानात शिरला. मागोमाग भोंगा.

आत सह्या घ्यायची रांग लागली होती. ड्रमवाल्यानं टेबलावरचा माईक उचलला. "मघाशी मी खोटं बोललो," तो म्हणाला. "त्या संध्याकाळी आमची व्हॅन फाटकापाशी बंद पडली होती आणि मी तिच्याखाली आडवा होतो. आम्ही एक ठोकासुद्धा वाजवला नाही. हे सगळं या बाईंनी लिहिलंय. यातला माझा भाग या संपादकांनी कापला होता, तो आता त्या म्हणणार आहेत. मला ऐकायचाय."

चष्मा आपला म्हणणाऱ्या गृहस्थानं टकलावरून हात फिरवला आणि तो मुकाट्यानं खाली बसला. संपादक म्हणाले, "भोंगा, दुकान बंद व्हायची वेळ झाली आहे, आपण हे नंतर बोलू."

तिनं माईक घेतला नाही. तिला कधी लागलाच नव्हता. तिनं आधी आपलं नाव सांगितलं, आडनावासकट, लेखाच्या वर छापतात तसं. मग परिच्छेद सुरू केला: घसा, तार, मागं बसलेला माणूस, आणि त्यानं काठ्या उचलल्यावर गॅरेजच्या पत्र्यावरची धूळ कशी खाली पडली ते. संपादक मध्येच हात वर करून म्हणाले, "बास, बास, पुरे आता."

"'...त्याला थांब म्हणणारे पुष्कळ होते,'" ती त्यांच्याकडे बघत म्हणाली. "'तो थांबला नाही.'"