मोठेपणी मामा

मी आज जो काही आहे तो विक्रोळीच्या वसंतमामांमुळे आहे. आणि त्याच मामांना पाण्याचा पेलाही न देता दारातून परत पाठवणारा माणूसही मीच आहे.

मामा म्हणजे माझ्या आईचे भाऊ, एका कारखान्यात फिटर. गावच्या शाळेतून मॅट्रिक होऊन मी मुंबईत उतरलो, तेव्हा त्यांनी मला आपल्या दीड खोलीत घेतलं. दिव्याखालची जागा मला अभ्यासाला दिली आणि माझं कॉलेज संपेपर्यंत स्वतः गॅलरीत झोपले. (पावसाळ्यात उशाशी छत्री उघडून. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे!) अंगठा उठवणाऱ्या आमच्या घराण्यात पहिला पदवीधर झाला तो असा. मामा घरी आले की मी खुर्चीतून उठून उभा राहतो, ते उगाच नाही.

ऐंशीच्या दशकात आम्ही मुलुंडला राहत होतो. मुलगा अजय पहिलीत होता. शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रत्येक मुलाने, मोठेपणी जे व्हायचं त्या वेषात येऊन दोन वाक्यं बोलायची होती. मी परस्पर निर्णय घेऊन डॉक्टरचा पांढरा कोट शिवून आणला होता. (वाढत्या अंगाचा म्हणून शिंप्याने तो इतका ऐसपैस शिवला, की आत एखादा पेशंटही मावला असता.)

रविवारी सकाळी कोट हातात धरून मी सराव सुरू केला.

"बोल बाळा. मोठेपणी मी कोण होणार?"

"मामा!"

चौकात शिट्टी वाजवणाऱ्या पोलिसाला मुंबईत मामा म्हणतात, हे मी इथे आल्यावर शिकलो होतो. उशिरा शिकलेली विद्या माणसाला आधी आठवते!

"मामा?" मी ओरडलो. "अरे, मामा होण्यात काय आहे? दिवसभर उन्हात उभं राहायचं, धूर खायचा, फुकटचा चहा प्यायचा!"

"अहो, हळू," माझी बायको शुभा आतून म्हणाली. "दार उघडं आहे."

"असू दे! मामाला मान कोण देतं? तोंडावर सलाम करतात आणि पाठ फिरली की हसतात! माझ्या घरात मामा नको म्हणजे नको!"

"मला मामाच व्हायचंय!" अजयने भोकाड पसरलं.

तेवढ्यात दाराचा पडदा बाजूला करून शेजारच्या परबकाकू आत आल्या. त्यांच्या हातात एक पिशवी होती.

"काय हो, झालं काय? ही तुमच्या दाराबाहेर होती. तुमचे मामा जिन्यात भेटले. म्हटलं, जेवून तरी जा. तर डोळे पुसत म्हणाले, 'माका समाजला सगळा.' आणि गेले की!"

पिशवीत अजयसाठी मालवणी खाजाची पुडी होती.

मी होतो तसा धावलो. अंगात बनियन, खाली लेंगा, हातात कोट! चौकात पोचलो तर मामांची बस सुटत होती. खिडकीत त्यांची टोपी दिसली. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन कोट हलवत ओरडलो, "मामा! ओ मामा! थांबा!"

बस थांबली नाही. चौकातला पोलीस मात्र थांबला.

"ए, मामा कोणाला बोलतो?"

"तुम्हाला नाही हो! माझे सख्खे मामा आहेत, त्या बसमध्ये..."

"सगळे असंच बोलतात. डॉक्टर ना तू? शिकलासवरलास आणि पोलिसाला मामा?"

"डॉक्टर नाही, मी ग्रॅज्युएट आहे," मी म्हणालो. (का म्हणालो, देव जाणे!)

"मग तर वाटच लागली! चल, सॉरी बोल. मोठ्याने."

मी मोठ्याने बोललो. तोवर बस वळणाआड गेली होती.

घरी आलो. अजय खाजा खात बसला होता.

"बाबा, पोलीस कोणाला व्हायचंय? मला आपला मामा व्हायचंय. तो आला की तुम्ही उभे राहता. परवा आजीला तपासायला डॉक्टर आले, तेव्हा तुम्ही बसूनच होता."

मामांकडे फोन नव्हता, आणि त्यांच्यासमोर जाऊन उभं राहायला तोंड नव्हतं. मी पत्र लिहायला घेतलं.

"तीर्थरूप मामांस, शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी पडद्याबाहेर आपण जे ऐकलंत ते सर्व मी बोललो. पण ते आपल्याविषयी नव्हतं, चौकातल्या मामांविषयी होतं. त्यांची माफी मी भर चौकात मागितली आहे. आपली मागायची राहिली आहे. ती पत्रात मागता येण्यासारखी नाही. आपण या.

अजयला पोलीस व्हायचं नाही, डॉक्टरही नाही. त्याला आपल्यासारखा मामा व्हायचं आहे. मलाही त्याहून मोठं काही सुचत नाही. पण त्यासाठी आधी बहीण लागते, असं मी त्याला समजावलं, तर 'मग आणा' म्हणून तो हटून बसला आहे. त्यावर शुभाने मला 'शिकलेसवरलेले ना तुम्ही?' एवढंच विचारलं. सध्या तरी या घरात मामा झाला आहे तो फक्त माझाच.

आपला भाचा."