दारात थांबलेली बाई

अकोल्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये एक तेलुगू फिटर होता. सकाळी मोबाइलवर तेलुगू कथेचा एकच भाग ऐकायचा आणि डबा खाताना आम्हा चौघांना वऱ्हाडीत सांगायचा. गोष्टीतली गोदावरी त्याच्या तोंडी पूर्णा व्हायची, नायिका तेल्हाऱ्याची. "नाही तं तुमाले ते आपली कशी वाटंन?" तो म्हणायचा.

माझी शाळा सातवीत सुटलेली, पुस्तकाची धास्ती. ही गोष्ट मात्र मला कळायची.

नायिका रुसून माहेरच्या गाडीत बसली आणि मी तापाने पडलो. आठवडाभर एकच घोर, गोष्ट माझ्यावाचून पुढे गेली असणार.

परतलो तर बाकीचे तिघे चिडलेले. "तुह्यापायी बाई आठ दिवस गाडीतच बसून हाये."

फिटर भाकरी मोडत म्हणाला, "चौघाइची गोष्ट तिघाइले कशी सांगू?"

आता मी कामासाठी हैदराबादेत आहे. निघालो तेव्हा ती बाई माहेरच्या दारात पोचली होती. इथं तोडकीमोडकी तेलुगू कळते, पण मोबाइलवर त्या कथेचा पुढचा भाग लावायला हात धजत नाही. परवा भीतभीत फिटरला फोन केला.

"या तिघाइले दुसरी गोष्ट लावून देल्ली," तो म्हणाला. "तुही बाई दारातच उभी हाये. तू ये, मंग तिले घरात नेतो."