हजर

ग्रामपंचायतीचे शिपाईमामा ग्रामसभेच्या आदल्या दिवशी हजेरीचं रजिस्टर काखेत मारून दारात येतात. पेनाचं टोपण स्वतःच काढतात आणि सही जिथं करायची तिथं बोट ठेवतात.

"करा सर. उद्या न्हाय आला तरी चालतंय की."

मी चहा पीत सही करतो. उचगावात सगळे असेच हजर असतात.

यंदा पोरांचं मैदान मोबाईल टॉवरला द्यायचा ठराव आहे, हे सही केल्यावर कळलं. हरकत घ्यायला मी दहाच्या सभेला दहाला पोचलो. मामा एकटेच खुर्च्या रचत होते.

"सभा झाली की. ठराव एकमतानं मंजूर."

"पण माझा विरोध होता!"

मामांनी रजिस्टर उघडून माझ्या सहीवर तेच बोट ठेवलं.

"मग बोलायचं न्हाय व्हय, सर? हजर हुता की तुम्ही."