नाना, एक्स्ट्रूडर आणि ती पिवळट बॅच

माझी अख्खी बॅच कचऱ्यात घालायला लावणारा माणूस आज सकाळी गेला.

नाना. शहाऐंशी वर्षांचे होते. घोडपदेवला, राहत्या चाळीत, झोपेतच.

परळच्या आमच्या औषधांच्या लॅबमध्ये हॉट-मेल्ट एक्स्ट्रूडर नवीन आला, तेव्हा आम्हा पदवीवाल्यांपैकी एकालाही तो धड चालवता येईना.

नानांना येत होता. त्यांचा जन्म प्लास्टिकच्या नळ्या काढण्यात गेलेला. रिटायर झालेल्या माणसाला आम्ही घरून बोलावून आणलं.

पाण्यात न विरघळणारं औषध पॉलिमरबरोबर गरम बॅरलमध्ये घालायचं, आतल्या स्क्रूने मळायचं, शेवयांसारखं बाहेर काढायचं. मग दळून गोळ्या. असं केलं की ते पोटात नीट विरघळतं.

नानांचा नियम एकच. आत माल असताना मशीन थांबवायचं नाही, उभा माल करपतो.

मी थांबवलं. साहेबांचा फोन होता. वीस मिनिटं.

परत सुरू केलं तर शेवया पिवळट. पेशंटवरच्या ट्रायलचा माल, औषध तेवढंच शिल्लक, आणि माझं प्रमोशन त्यावर अडलेलं.

मी पिवळ्या शेवया पांढऱ्यांत मिसळून दळल्या. पावडरीत काही कळेना.

नाना दारात उभे होते. रागावले नाहीत. स्टूल ओढून बसले.

"संयुक्त महाराष्ट्राचा हरताळ होता, बाय. लालबागच्या कारखान्यात मी नवा ऑपरेटर. बाहेर घोषणा ऐकल्या नि हीटर तसाच ठेवून पळालो मोर्चात. दुसऱ्या दिवशी बघतो तर आत सगळा कोळसा."

"मग?"

"मग काय! कुटला नि वायरीच्या काळ्या नळीत घातला. कोणाला कळलं नाय. आजपर्यंत कोणाला बोललो पण नाय."

"मग मलाच का सांगताय?"

"ती नळी भिंतीत गेली. ही पोटात जाणार. तू सांगतेस, का मी सांगू?"

मी सांगितलं.

बॅच गेली, प्रमोशनही गेलं. साहेबांवर चिडायची हिंमत नव्हती, तेव्हा वड्याचं तेल वांग्यावर. नानांशी बोलणं मी बंद केलं.

लॅबमधलं काम संपवून ते निघाले, त्या निरोपाला सगळे समोसे खात होते. मी केबिनमध्ये रिपोर्ट वाचत बसले. नाना दाराशी येऊन "येतो, बाय" म्हणाले. मी मान वर केली नाही. रिपोर्ट कसला होता, तेही आता आठवत नाही.

पुढे नव्या मालावर ती ट्रायल झाली. पहिल्या दिवशी मी गेले होते. एक बाई गोळी तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिल्या.

"तुम्हीच बनवलीत ना?" त्यांनी विचारलं. "चांगली आहे ना हो?"

मी "हो" म्हणाले. त्यांनी लगेच गिळली.

ते "हो" मला नानांमुळे म्हणता आलं. हे त्यांना सांगायला हवं होतं. मी शिवाजी पार्कला राहते, घोडपदेव काही परदेशात नाही. गेले नाही.

मला त्याची लाज वाटते.

चुकले मी, नाना. शेवटचा नमस्कार.