मनाच्या डॉक्टरांचं दार

सुरतेतल्या समस्त मराठी जनांस गंभीरपणे कळवण्यात येते की, नव्वद सालच्या आसपास आमच्या सरकारी दवाखान्यात मनाचा आजार असलेला एकही माणूस येत नव्हता. सगळ्यांचे डोळेच बिघडले होते. मनाचे डॉक्टर आठवड्यातून एकदा, नेमके डोळ्यांच्या डॉक्टरांशेजारी बसत. त्यांच्याकडे आलेले लोक डोळ्यांच्या रांगेत उभे राहत आणि पुढे सरकले की गुपचूप शेजारच्या दारात शिरत. मी मात्र चष्म्यासाठीच गेलो होतो, शपथेवर सांगतो.

त्या दिवशी सुरतेच्या बमरोली भागातला एक वॉचमन, शांतिसेनेतून श्रीलंकेत लढून आलेला माजी फौजी, मनाच्या दारापुढे एकटाच ताठ उभा होता. बुटांना पॉलिश, मिशांना पीळ.

दवाखान्याचा शिपाई म्हणाला, "दादा, तुम्ही तर पहिलवान दिसता. ताकदीच्या गोळ्या दिल्या होत्या ना? घरी जा."

"त्या खाल्ल्या. पण शेजारच्या लूमखात्यात, त्या मागांच्या कारखान्यात, काही आपटलं, की मी अजून बायकापोरांना खाटेखाली ओढतो. दर वेळी परत पाठवता. आज डॉक्टरांना भेटल्याशिवाय हलणार नाही."

आवाज त्याने जराही खाली आणला नाही. शिपाई हसला, काही रांगेतलेही हसले. फौजी रागावला नाही, फक्त टाचा जुळवून उभा राहिला. असं धैर्य मी लढाईच्या गोष्टींतही ऐकलं नव्हतं.

शेवटी डॉक्टरांनीच दार उघडून त्याला आत बोलावलं. तेवढ्यात डोळ्यांच्या रांगेतून काळा चष्मा लावलेली एक बाई तरातरा पुढे आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "भाऊ, माझे डोळे चांगले आहेत. तुमच्या मागे माझा नंबर."