कांडी माझ्याच हातानं मोडायची

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि तिच्यापासून मी एरवी काही लपवू शकायचो नाही. ती गेली, तेव्हा वाटलं, सुटलो, आता विचारणारं कुणी उरलं नाही. पण सुटलो कुठं? — म्हणून तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, ते बरंच आहे.

नागपुरात सत्तर सालच्या आसपास मी लहान मुलांना जादू दाखवायचो. आठवडाभर एका वकिलाकडे टायपिंग, आणि रविवारी लांब काळा कोट नि टोपी. वाढदिवस, शाळांची गॅदरिंगं, गणपतीत कधी सावनेरकडच्या कोळसा खाणीची वसाहत. जादू माझी बेताचीच होती, हे आधीच कबूल करतो. पत्ते निसटायचे, रुमालाची गाठ भलतीकडेच सुटायची. दिगूकाका म्हणून मुलं मला ओळखायची ती एका कांडीमुळे.

हसवणाऱ्या कांड्या बऱ्याच प्रकारच्या असतात. टोकातून कागदी फूल निघणारी एक माझ्याकडे होती. मुलं 'अय्या' म्हणायची आणि विसरून जायची. मग मला ही दुसरी मिळाली. पोकळ लाकडाचे सहा तुकडे, आतून ओवलेली दोरी. दोरी ओढून धरली की कांडी ताठ, सोडली की सगळे तुकडे लोंबायला लागतात. मुलाच्या हातात देता देता मी दोरी सोडायचो. मग डोक्याला हात लावून ओरडायचो, "अरे देवा, मोडलीस? माझ्या गुरुजींची कांडी होती!" मुलाचं तोंड पाहण्यासारखं व्हायचं आणि बाकीची पोरं गडाबडा लोळायची.

गुरुजी वगैरे कुणी नव्हते. तेही खोटंच.

पण कांडी द्यायची कुणाच्या हातात? — खरी निवड तिथं होती. पहिल्या-पहिल्यांदा मी समोर दिसेल त्याला उठवायचो. एकदा यजमानांचाच भाचा उठला, कांडी मोडली, आणि पोरगा असा रडला की त्याच्या बापानं मला चहासुद्धा न विचारता फाटकापर्यंत सोडलं. त्या दिवसापासून मी शहाणा झालो. वाढदिवसाच्या मुलाच्या हातात फूलवाली कांडी, आणि मोडणारी कुणाला? खेळ सुरू होण्याआधी मी खुर्च्यांकडे पाहून घ्यायचो. ज्या पोराची आई खुर्चीवर बसलेली नाही, ते पोर.

आता कळलं ना, मी कुठं चाललोय ते? मलाही तिथं जायचं नाहीये. पण निघालोच आहे.

धरमपेठेत एका डॉक्टरांच्या बंगल्यावर त्यांच्या मुलीचा वाढदिवस होता. चार-साडेचारची वेळ, हॉलमध्ये सतरंजीवर पोरं, मागे खुर्च्यांवर बायका, बशांत आलूबोंडे. दाराच्या चौकटीला टेकून सात-आठ वर्षांची एक मुलगी उभी होती. सतरंजीवर तिला कुणी बसवलं नव्हतं. अंगात त्याच घरच्या मुलीचा जुना झालेला फ्रॉक. मागच्या अंगणात भांडी घासण्याचा आवाज येत होता. मला आणखी काय हवं होतं? मी तिला बोलावलं. ती इतकी खूश झाली — मान खाली घालून, तोंड दाबून हसत आली. नाव विचारलं तर म्हणाली, वनिता. तिनं दोन्ही हात पुढे केले, देवळात प्रसादाला करतात तसे. आणि मी दोरी सोडली.

हॉल हसला. मी ओरडलो, गुरुजींच्या नावानं गळा काढला. नेहमी मी दहा-बारा श्वासांनी कांडी पुन्हा ताठ करून दाखवायचो, म्हणजे मुलाचा जीव भांड्यात पडायचा. त्या दिवशी हशा थांबेना, म्हणून मी ताणत गेलो. तेवढ्यात तिची आई धावत आली. मागं तिला 'मोडली, मोडली' एवढंच ऐकू गेलं असणार. राखेनं भरलेले हात तसेच, आणि तशाच हातानं तिनं वनिताच्या तोंडात मारली.

"काहून हात लावला वं? सांगितलं होतं ना तुले, कशालेच हात लावू नको म्हणून?"

पोरीच्या गालावर राखेची बोटं उमटली. मुलांना वाटलं, हाही खेळच. ती आणखी हसली. खुर्चीवरून घरच्या बाई म्हणाल्या, "परवा बशी फोडली, आज हे. शेवंता, हिला उद्यापासून घरात आणायचं नाही." शेवंता माझ्या पाया पडायला वाकली. "भाऊ, लेकराले समजत नाही. माफ करा."

एका वाक्याचं काम होतं. 'अहो बाई, ही कांडी मोडायलाच बनवलेली आहे.' बस. पण त्या खुर्च्यांवर आणखी सहा बंगल्यांच्या बायका बसल्या होत्या, आणि सगळ्यांकडे वाढदिवस होते. आता नुसती कांडी ताठ केली असती, तरी ती मोडली नव्हतीच हे सगळ्यांना कळलं असतं. गुपित फुटलं की माझ्याकडे उरणार काय? — निसटणारे पत्ते? मी टोपी काढली आणि टाळ्यांना वाकून नमस्कार केला. पोरीला दंडाला धरून तिची आई मागे घेऊन गेली.

एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहिलं नसतं. माणूस एकदा घाबरतो.

तीन आठवड्यांनी त्या दोघी नंदनवनला माझ्या खोलीच्या दारात उभ्या. धरमपेठेहून म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाहून, पत्ता विचारत विचारत, उन्हातून चालत आलेल्या. शेवंताच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिचा नवरा लाकडाच्या आरामशीनवर पलंगाचे पाय कातायचा. त्यानं उरलेल्या सागवानातून माझ्यासाठी कांडी बनवली होती. काळा रंग, दोन्ही टोकं पांढरी. गुळगुळीत, सरळ. इतकी चांगली कांडी माझ्याकडे कधीच नव्हती.

"इनं मोडली, तं इच्या बापानं बनवून देल्ली," शेवंता म्हणाली. "तुमी फक्त बाईले सांगजा भाऊ, का माफ केलं म्हणून. बाईच्या पोरीची पुस्तकं वाचत बसे हे तिथं, मी काम करो तवा. आता फाटकाबाहेर बसून राहते."

वनिता हात पाठीमागे बांधून उभी होती. मला काहीतरी करायचं म्हणून मी डब्यातलं पेपरमिंट पुढं केलं. तिनं हात काढलेच नाहीत. आईकडे पाहत राहिली.

"घे," आई म्हणाली. "हे मोडत नाही."

तेव्हा खोलीत आम्ही तिघंच होतो. बंगल्यातलं कुणी नाही, हसायला कुणी नाही, गमवायलाही काही नाही. जुनी कांडी पलीकडे खुंटीवर कोटाच्या खिशात होती. काढायची, दोरी ओढून दाखवायची — पाच वर्षांच्या पोरालाही कळलं असतं. मला लाज वाटली, इतकी की खरं बोलणं अशक्य झालं. मी ती सागवानाची कांडी घेतली. मोठ्या माणसासारखा वनिताच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "माफ केलं."

बाईंना सांगतो, असंही म्हणालो. सांगितलं नाही.

आणि ती नवी कांडी? ट्रंकेत टाकून दिली असती तरी मी थोडा बरा माणूस ठरलो असतो. मी ती वापरली, पुढच्याच रविवारी. पूर्वी पुढं बसलेलं एखादं चलाख पोर ओरडायचं, ती मोडकीच आहे म्हणून. आता मी सागवानाची कांडी टेबलावर खणखण आपटून दाखवायचो, एखाद्या वडिलांना वाकवून पाहायला द्यायचो, आणि मग झोळीत हात घालून दोरीवालीशी बदलायचो. शंका घेणं बंद झालं. ज्याच्या हातात मोडायची, ते पोरही शंका घेईना. आधी काही मुलं मोडल्यावर हसायची, आता एकही हसत नव्हतं. आठ वर्षं मी हा खेळ केला आणि आठही वर्षं खेळाआधी खुर्च्या पाहिल्या.

वनिता आता लेकीसुनांची झाली असेल. ती कांडी आपण मोडली, असंच ती समजत असेल. आणि मी तिला माफ केलं, असंही.