आई आणि कालगुर्लीचा पोलादी सांगाडा

पर्थहून निघालेलं छोटं विमान खाली येऊ लागलं, तशी खिडकीतून तांबडी माती, खुरटी झाडं आणि पायऱ्यापायऱ्यांनी खोल गेलेली एक अवाढव्य खाण दिसली. "सोन्याची आहे," मी म्हटलं. "एवढं उकरलंय होय!" म्हणत आईने खुर्चीचा हात घट्ट धरला.

कालगुर्लीला माझा धाकटा भाऊ महेश असतो. खाणीजवळच्या इमारतींचं इंजिनिअरिंग तो बघतो. कधीपासून बोलावत होता, पण आईला छताखाली झोप येत नाही. आमच्या लहानपणी मराठवाड्यात पहाटे भूकंप झाला, त्यात आमचं दगडमातीचं घर कोसळून वडील गेले. आम्ही भावंडं मामाकडे होतो, आई अंगणात. तेव्हापासून ती अंगणातच झोपते. महेशकडेही पहिल्याच दिवशी तिने अंथरूण मागच्या पडवीत घातलं.

पर्थच्या विमानतळावर तिच्या पिशवीतले ज्वारीचे दाणे काढून घेतले होते, पीठ मात्र सोडलं. त्याच्या भाकरी दुसऱ्या दिवशी ती थापत होती. तव्याच्या धुराने घरातला अलार्म दोनदा कोकलला, महेश स्टुलावर चढून तो बंद करत होता, आणि तेवढ्यात जमीन हादरली. कपाटातली भांडी वाजली. आई पिठाच्या हातांनी थेट बाहेर.

"अगं, खाणीतला सुरुंग आहे! आर्वोला (दुपारी) उडवतात नेहमी," महेश मागून धावला. ती आत येईना. तो वैतागला. "किती वर्षं हेच, आई?"

"तू बिल्डिंगा बांधतोस ना? मग सांग, आपलं घर का पडलं? खांब तर उभेच होते."

खांब उभे होते, हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं.

सकाळी महेश आम्हाला त्याच्या साइटवर घेऊन गेला. दुमजली ऑफिस उभं राहत होतं. तिथला सुपरवायझर ग्लेन, उन्हाने मान भाजलेला धिप्पाड माणूस. त्याने आईला हेल्मेट, नारिंगी जाकीट आणि दोन मापं मोठे बूट दिले. साडीवर तो सगळा सरंजाम चढवून ती वर बघत राहिली.

"नुसता सांगाडाच हाय की. भिंती कुठायत?"

"वजन सांगाडाच पेलतो. भिंती आडोशापुरत्या, त्याही हलक्या. घर जितकं जड, तितका भूकंपाचा हिसका मोठा," महेश म्हणाला.

ग्लेनने विटेचा तुकडा दगडावर आपटला. त्याच्या ठिकऱ्या उडाल्या. मग पोलादाची एक पातळ पट्टी आईच्या हातात दिली. तिने वाकवली, उलटी वाकवली. तुटली नाही.

"पण वाकलं म्हणजे पडलंच ना?"

महेशने तिचा प्रश्न इंग्रजीत सांगितल्यावर ग्लेन खूश झाला. त्याने तिला आडव्या तुळईचं टोक दाखवलं. मोठा हादरा आला तर आधी इथे वाकायचं, उभ्या खांबांनी ताठ राहायचं. वाकण्यात हादऱ्याचा जोर खर्ची पडतो. मात्र तुळई आणि खांबाचा सांधा पक्का हवा; तोच तुटला तर पोलाद असून उपयोग नाही. "इमारत नंतर पाडावी लागेल कदाचित," तो म्हणाला, "पण माणसं बाहेर येतील, मेट."

आईने हातातली पट्टी पुन्हा एकदा वाकवून पाहिली.

"आपले खांब सागाचे. त्यांनी धरलं," ती म्हणाली. "भिंतींना कुणीच धरलं नव्हतं."

"हो, आई. मातीत नुसते रचलेले जड दगड. हिसक्याने सुटले."

"उकडत होतं. मीच यांना म्हणाले, भिंतीकडं गार लागतं, तिथं पडा."

हे ती आजवर कुणाजवळ बोलली नव्हती. महेशने तिचा हात धरला. "भिंत तू नव्हती बांधलीस."

ती उभ्याउभ्या रडू लागली. ग्लेनला शब्द कळले नसणार. त्याने घड्याळाकडे न बघताच "स्मोको!" (कामगारांची चहाची सुट्टी) अशी आरोळी ठोकली आणि सगळ्या माणसांना घेऊन तो शेडमागे निघून गेला.

परतीच्या विमानात ती शांत झोपली आणि मी जागी होते. इतकी वर्षं मी तिला भित्री समजत आले. ती काय विचारतेय, हे मी कधी ऐकलंच नव्हतं.

आई अजूनही अंगणातच झोपते. पण परवा गावात चुलतभावाच्या नव्या घराचं काम बघायला गेलो, तेव्हा तिने गवंड्याला थांबवलं. "तुळईच्या सळ्या खांबात किती आत घेतल्यात?"

"आजी, तुम्हाला काय करायचंय?" तो हसला.

आई वाळूच्या ढिगावर बसली. "दाखव. मग उठते."

गवंड्याने इकडेतिकडे पाहिलं, आणि सांध्यावरची साच्याची फळी काढायला घेतली.